मधुमेही, भित्र्या, म्हाताऱ्या बोक्यासाठी घर शोधताना

कुत्रे माणसाला जीव लावते आणि मांजर घराला, असे आपल्याकडे म्हणतात. नको झालेले मांजर पोत्यात घालून ओढ्यापलीकडे सोडून यावे आणि दोन-चार दिवसांनी तेच मांजर पुन्हा चुलीपाशी बसलेले दिसावे, ही गोष्ट खेड्यापाड्यांतून प्रत्येकाने ऐकलेली असते. आपण ती हसत हसत सांगतो. जे मांजर परत येत नाही त्याचे पुढे काय होते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

या सदरात आपण बहुतेक वेळा गाई-म्हशींच्या आणि शेळ्यांच्या आजारांविषयी बोलतो. मांजराचा विषय आज घेण्याचे कारण म्हणजे वढू बुद्रुक (ता. शिरूर) येथील एका वाचक भगिनींचे पत्र. त्यांच्या संमतीने, पण नावगाव न देता, त्यातला थोडा भाग येथे देतो.

"डॉक्टरसाहेबांस नमस्कार. आमचे सासरे, आण्णा, दिवाळीनंतर वारले. त्यांचा एक बोका आहे. वय बारा वर्षे. आण्णा पुण्यात नोकरीला होते तेव्हापासूनचा तो त्यांच्याजवळ आहे. नसबंदी पुण्यातच झालेली आहे. त्याला दोन वर्षांपासून साखरेचा आजार आहे. आण्णांनाही होता. ते सकाळ-संध्याकाळ स्वतःला आणि मग बोक्याला सुई टोचत. आता मी आणि माझे मालक दोघेही कंपनीत पाळीने जातो. घरात दोन लहान मुले आहेत, दारात कुत्रा आहे. बोका दिवसभर धान्याच्या पोत्यांमागे बसून असतो. आमच्या हाताला लागत नाही. सुई कधी सहाला, कधी दहाला, कधी होतच नाही. शेजारी म्हणतात, मळ्यात सोडून द्या, उंदीर खाऊन जगेल. आण्णांचा जीव होता त्याच्यात, म्हणून मन होत नाही. याला एखादे शांत घर मिळेल का?"

या भगिनींनी प्रश्न अगदी नेमका विचारला आहे. नुसते घर नको, शांत घर हवे, असे त्या म्हणतात. हा 'शांत' शब्द त्या बोक्याच्या औषधाचाच एक भाग आहे, तो कसा, हे आज समजून घेऊ.

मांजराला मधुमेह होतो म्हणजे काय होते?

आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते, तशी ती मांजरालाही असते. तिच्यातून इन्सुलिन रक्तात येते आणि त्याच्या मदतीने साखर पेशींमध्ये शिरते. इन्सुलिन कमी पडले किंवा शरीर त्याला दाद देईनासे झाले, की साखर रक्तातच साचते आणि लघवीवाटे बाहेर पडू लागते. जाताना ती पाणीही ओढून नेते. म्हणून जनावर फार पाणी पिते आणि फार मुतते. खाते भरपूर, पण अंगाला लागत नाही, वजन उतरत जाते. लघवीच्या जागी मुंग्या लागतात, ही खूण आपल्या जुन्या वैद्यांनाही ठाऊक होती. 'मधुमेह' हे नावच त्यावरून पडले.

कुत्र्याला बहुधा जो मधुमेह होतो त्यात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही. मांजराचा मधुमेह हा बराचसा आपल्याकडच्या प्रौढ माणसांच्या मधुमेहासारखा असतो. उतारवय, लठ्ठपणा, घरात बसून राहणे ही त्याची कारणे. माद्यांपेक्षा नसबंदी झालेल्या बोक्यांत तो जास्त दिसतो. दुसऱ्या एखाद्या आजारासाठी दीर्घकाळ स्टिरॉइड दिले गेले, तरी तो उद्भवू शकतो. आजार जुना आणि आटोक्याबाहेर गेलेला असेल तर मागच्या पायांच्या नसा दुबळ्या होतात आणि मांजर पंजावर न चालता टाच टेकवून चालू लागते. अशी चाल दिसली की तपासणीला उशीर करू नये.

इन्सुलिनचा इतिहासही या निमित्ताने आठवण्यासारखा आहे. १८८९ साली जर्मनीत मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले असता त्याला मधुमेह झाल्याचे पाहिले. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून इन्सुलिन वेगळे काढले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका मुलाला टोचले गेले. त्यानंतर अनेक दशके जगभरातल्या माणसांचे इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून येत होते. गाईचे इन्सुलिन आणि मांजराचे इन्सुलिन यांच्या रचनेत तर केवळ एका घटकाचा फरक आहे. तेव्हा "मांजराला कसले इन्सुलिन देता!" असे कोणी म्हणाले, तर हे औषध माणसाला जनावरांच्याच जिवावर मिळाले आहे, एवढे त्याला सांगावे.

भीती आणि साखर

आता भीतीकडे वळू. मांजर घाबरले की त्याच्या रक्तात काही द्रव्ये उसळतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी शक्ती मिळावी, ही निसर्गाची योजना. पण मांजरात ही वाढ एवढी मोठी असते की दवाखान्यात भेदरलेल्या, मधुमेह नसलेल्या मांजराची साखरसुद्धा ३०० च्या वर गेलेली आढळते. म्हणूनच मांजराच्या एका वेळच्या रक्ततपासणीवर मधुमेहाचे निदान करू नये. लघवी तपासावी, आणि शक्य असेल तर फ्रुक्टोसामीन नावाची तपासणी करावी. मागच्या एक-दोन आठवड्यांत साखर सरासरी कशी राहिली, ते त्यावरून कळते.

जे मांजर रोजच भीतीत जगते त्याची साखर औषध चालू असूनही आवरत नाही. त्यापेक्षाही मोठा धोका दुसऱ्या बाजूने येतो. घाबरलेले मांजर खात नाही. पोटात अन्न नाही आणि टोचलेले इन्सुलिन मात्र आपले काम करते आहे, अशा वेळी साखर एकदम खाली जाऊन जनावर बेशुद्ध पडू शकते. म्हणजे भीतीने साखर चढते आणि भीतीपोटी उपास घडला तर त्याच मात्रेने ती पडते. शिवाय लपून बसणाऱ्या मांजराने आज किती पाणी प्याले, चाल कशी आहे, सुस्त आहे का, हे घरच्यांना दिसतच नाही.

एक गोष्ट आणखी. माणसाला ऐकू येणाऱ्या आवाजाच्या मर्यादेच्या सुमारे तिपटीपर्यंतचे उंच आवाज मांजराला ऐकू येतात. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे वढू बुद्रुकला फाल्गुन अमावास्येला राज्यभरातून लोक येतात. गावाला त्याचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण या भगिनींचे घर वाटेवरच आहे. ढोल-ताशे, ध्वनिक्षेपक, गाड्यांची रीघ, घरी उतरलेले पाहुणे. पत्र आले तेव्हा माघ लागला होता. बोक्याची व्यवस्था त्या गर्दीच्या आधी व्हावी, असे मी त्यांना कळवले आणि पुढच्या रविवारी स्वतः जाऊन बोक्याला पाहिले. वजन दोन वर्षांत पावणेसहा किलोवरून साडेचारवर आले होते. चाल अजून बरी होती. दात खराब होते. तोंडात दुखत असेल, जंतू असतील, तरीही साखर वाढते, म्हणून आधी त्यावर उपचार केले.

तीन घरे

त्या भगिनींनी ओळखीतली तीन घरे पाहून ठेवली होती. ती तिन्ही आम्ही एकेक करून तपासली. घर कसे पारखावे हे वाचकांच्या लक्षात यावे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिले घर आळंदीच्या वाटेवरच्या एका वृद्ध जोडप्याचे. घरात तिसरे माणूस नाही, आवाज नाही, दोघेही प्रेमळ. पण घर माळकरी. मांजर हा मुळात मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याला मांस-मासळीतूनच मिळते. ते कमी पडले तर डोळे आणि हृदय निकामी होते. त्यात मधुमेही मांजराला दूध-भाकरी, दहीभात, पोळी अशा पिष्टमय खाण्याने साखर वाढते. त्याला प्रथिने जास्त आणि पिष्ट कमी असाच आहार हवा. माळकऱ्याच्या स्वयंपाकघरात अंडे-मासळी न्यायला सांगणे योग्य नव्हते. शिवाय दोघेही आषाढी वारीला पायी जातात, म्हणजे वीसएक दिवस घराला कुलूप. आजोबा स्वतःच म्हणाले, "डॉक्टर, जीव सांभाळायचा म्हणजे अर्धामुर्धा सांभाळून चालत नाही. आमच्यानं नाही व्हायचं." असा स्पष्ट नकार मिळणे ही सुद्धा मदतच असते.

दुसरे घर मळ्यातल्या वस्तीवरचे. तरुण शेतकरी, जनावरांची आवड, कोंबड्या असल्याने अंडी घरचीच. पण बोका राहणार गोठ्यात आणि पडवीत. शिरूर, जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांत उसामुळे बिबट्याचा वावर किती वाढला आहे, हे या पत्राच्या वाचकांना मी सांगायला नको. वस्तीवर दोन कुत्रीही होती. आणि मुख्य अडचण अशी की रात्री-अपरात्री वीज येईल तेव्हा पाणी धरायला जाणाऱ्या माणसाला सुईची वेळ पाळणे शक्य नव्हते. माया भरपूर, पण घड्याळ नाही.

तिसरे घर शिक्रापूरच्या बाजूला राहणाऱ्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेचे. बाई एकट्या राहतात. दोन खोल्या, मागे बंदिस्त परसू. त्यांना स्वतःला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि सकाळी सात, संध्याकाळी सात या त्यांच्या सुईच्या वेळा कधी चुकत नाहीत. त्यांनी आधी नाहीच म्हटले. "मला मांजराचं काही फार कौतुक नाही, डॉक्टर. मांडीवर घेऊन बसणं माझ्यानं व्हायचं नाही." मी म्हटले, "बाई, त्यालाही मांडीवर बसायचं नाही. त्याला एक कोपरा हवाय आणि सातची सुई." त्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "एकाला टोचते तिथं दोघांना. आणून तर बघा."

अनेकांना हे घर कमी मायेचे वाटेल. पण भित्र्या मांजराला उचलून घेणारा, सारखा बोलावणारा, पाहुण्यांना दाखवणारा माणूस त्रासच देतो. जो त्याच्याकडे न पाहता आपले काम करतो, त्याच्याजवळ ते आपणहून येते. म्हणून घर शोधताना पुढील प्रश्न विचारावेत. सकाळ-संध्याकाळ बारा तासांच्या अंतराने घरात कोण असते? सुई टोचण्याची भीती नाही ना? लहान मुले, कुत्रा, दुसरे मांजर आहे का? मांस-मासळी किंवा तयार खाद्य चालेल का? गावाला जाताना सुई कोण देईल? इन्सुलिन, सुया, तपासण्या, खाद्य यांचा दरमहाचा खर्च कोण उचलणार? या शेवटच्या प्रश्नाला पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी स्वतःहून उत्तर दिले. औषधाचा खर्च त्या देतील आणि बाई परगावी गेल्या तर सुईला त्या येतील, असे ठरले. जनावर दिले म्हणजे आपले नाते संपले, असे समजू नये.

पहिले दहा दिवस

घर बदलण्याचा काळ मधुमेही मांजराला सर्वांत धोक्याचा. म्हणून तो वार पाहून नव्हे, तर सोय पाहून ठरवावा. बोक्याला आम्ही सकाळी, नेहमीचे खाणे आणि सुई झाल्यावर, झाकलेल्या टोपलीतून नेले. दिवसभर त्याच्यावर लक्ष ठेवता यावे, हा हेतू.

बाईंनी आतली खोली त्याला दिली होती. दाराला कडी, खिडकीला जाळी. दिवाणाखाली एक खोके आडवे ठेवून त्यात आण्णांची गोधडी घातली होती, आणि ती मुद्दाम धुतली नव्हती. मांजर डोळ्यांपेक्षा नाकाने घर ओळखते. गाल घासून ते वस्तूंना आपला वास लावते. जुना वास नव्या खोलीत असला की त्याला धीर येतो. खोलीच्या एका टोकाला अन्न, त्यापासून दूर पाणी आणि दुसऱ्या कोपऱ्यात घमेल्यात कोरडी वाळू. घमेल्याची कड एका बाजूने खाली हवी, म्हाताऱ्या मांजराचे सांधे दुखत असतात. बारा वर्षांचे मांजर म्हणजे साधारण ६४ वर्षांचे माणूस समजावे.

पहिल्या संध्याकाळी बोक्याने अन्नाला तोंड लावले नाही. "खाल्ले नाही तर आधी फोन, मग सुई," असे मी बाईंना आधीच सांगून ठेवले होते. त्या वेळी साखर तपासून आम्ही निम्मीच मात्रा दिली. रात्री दिवा मालवल्यावर त्याने थोडी उकडलेली चिलापी खाल्ली. काटे अर्थात काढलेले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा निम्मे खाणे. तिसऱ्या रात्री वाटी रिकामी झाली. हे तीन दिवस बाईंनी वहीत तास लिहून नोंद ठेवली. किती खाल्ले, किती पाणी, वाळूत किती ठिकाणी ओल. चाळीस वर्षे हजेरीपट भरलेला हात, तिथे खाडाखोड नव्हती.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो. मांजराने पूर्ण एक दिवस काही खाल्ले नाही, तर पशुवैद्यकाला कळवावे. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर अंगातली चरबी यकृतात साचून यकृत निकामी होऊ लागते. "भूक लागली की खाईल" हा नियम माणसाच्या पोराला चालत असेल, मांजराला चालत नाही.

सुईसाठी मांजराला दिवाणाखालून ओढून काढायचे नाही. एकदा ओढले की तो कोपराही त्याच्यासाठी असुरक्षित होतो. अन्नाची वाटी खोक्याच्या तोंडाशी ठेवावी, ते खायला लागले की खांद्यामागची किंवा कुशीची सैल कातडी चिमटीत धरून बारीक सुईने टोचावे आणि लगेच हात काढावा. जागा रोज थोडी बदलावी. पहिला आठवडाभर बाई नुसत्या खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचत असत. आठव्या दिवशी त्यांनी टोचले तेव्हा बोक्याने मान वर करून पाहिले आणि पुन्हा खायला लागला.

इन्सुलिनबाबत सावधगिरी

ज्या घरात माणूस आणि मांजर दोघेही इन्सुलिनवर आहेत, त्यांनी पुढील मजकूर कापून शीतकपाटावर चिकटवावा.

एक : आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन तीव्रतेचे मिळते. बऱ्याचशा कुप्यांत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, तर ग्लार्जिनसारख्या इन्सुलिनमध्ये १०० युनिट असतात. सिरिंजही दोन प्रकारच्या असतात. ४० च्या सिरिंजला बहुधा लाल टोपण, १०० च्या सिरिंजला नारिंगी. १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये दोनच्या रेघेपर्यंत ओढले, तर जनावराला दोन नव्हे, पाच युनिट जातात. साडेचार किलोच्या मांजराचा जीव घ्यायला एवढी चूक पुरते. म्हणून माणसाचा डबा वेगळा, मांजराचा वेगळा, दोन्हींवर नाव. माणसाची मात्रा मांजराला अंदाजाने कधीही देऊ नये.

दोन : न उघडलेली कुपी शीतकपाटात, २ ते ८ अंशांत ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात नको, गोठलेले इन्सुलिन निकामी होते. चैत्र-वैशाखात वीज तासन्‌तास गेली तर कुपी प्लॅस्टिकच्या घट्ट डबीत घालून लहान मडक्यात ठेवावी, ते मडके ओल्या वाळूच्या मोठ्या मडक्यात ठेवावे आणि सावलीत झाकून वाळू ओली ठेवावी. कुपी जोराने हलवू नये.

तीन : लडखडणे, अंग थरथरणे, डोळे विस्फारून भांबावल्यासारखे पाहणे, आचके, बेशुद्धी ही साखर फार उतरल्याची लक्षणे. मांजर शुद्धीवर असेल तर लगेच खायला द्यावे. खात नसेल तर मध किंवा ग्लुकोजचे घट्ट पाणी बोटाने हिरड्यांना चोळावे. दातांमध्ये बोट घालू नये, घशात काही ओतू नये. मग दवाखाना गाठावा, ठीक वाटले तरी.

चार : याउलट उलट्या, मलूलपणा, पाणी पिणेही बंद, तोंडाला विचित्र गोडसर वास ही लक्षणे दिसली तर इन्सुलिन कमी पडून रक्तात विषारी आम्ले साचत आहेत असे समजावे. यात एक दिवसही थांबता येत नाही. "मळ्यात सोडून द्या" म्हणणाऱ्यांना जे दिसत नाही ते हेच. इन्सुलिनवरचे मांजर सोडून दिले तर ते उंदीर खाऊन जगत नाही. बरेचदा काही दिवसांतच या आजाराने तडफडून मरते.

काही वाचक विचारतील, गोळी नाही का? डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत मांजरांच्या मधुमेहावर बेक्साग्लिफ्लोझिन ही तोंडाने देण्याची गोळी मंजूर झाली आहे. परंतु ती आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजरासाठी नाही. त्यामुळे आपल्या बोक्याच्या बाबतीत तो प्रश्नच नव्हता.

फळ काय?

फाल्गुन अमावास्या आली आणि गेली. बोक्याला तिचा पत्ताही लागला नाही. चैत्रात तो खोलीतून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येऊ लागला. बाईंनी कानाच्या कडेला बारीक टोचून साखर मोजण्याचे तंत्र शिकून घेतले. माणसाच्या मापकावर मांजराची साखर खऱ्यापेक्षा थोडी कमी दिसू शकते, एवढे ध्यानात ठेवून आकडे पाहिले. जेवण ठरलेले, वेळ ठरलेली, भीती कमी, दात बरे, असे सगळे जुळून आल्यावर ज्येष्ठात त्याची मात्रा दोन युनिटांवरून एकावर आणावी लागली. नियम पाळला तर काही मांजरांचे इन्सुलिन पुढे काही काळ बंदही होते. म्हणूनच पहिल्या महिन्यात योग्य असलेली मात्रा चौथ्या महिन्यात जास्त होऊ शकते. नव्या घरात तपासणी चालू ठेवायची ती याचसाठी.

बोका भित्रा होता तो भित्राच आहे. दारावर टकटक झाली की दिवाणाखाली जातो. तेवढे त्याला मिळायलाच हवे.

शेवटी, ज्यांच्यावर अशी वेळ आली असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार, ज्यात भूक-तहानेने हाल होतील अशा परिस्थितीत जनावर सोडून देणे हा गुन्हा आहे. देवळाच्या आवारात सोडले म्हणून तो पुण्याचा होत नाही. घर शोधताना आजार आणि स्वभाव दोन्ही उघड सांगावेत. "गोंडस, माणसाळलेले मांजर" असे सांगून दिलेले जनावर महिन्याभरात परत येते, आणि प्रत्येक परतीला त्याची भीती वाढते. चिठ्ठी लिहायची तर अशी लिहावी : "बोका, वय १२, नसबंदी झालेली, रेबीजची लस दिलेली. मधुमेह आहे, रोज दोन वेळा इन्सुलिन. भित्रा आहे, मांडीवर येणार नाही. लहान मुले व कुत्रा नसलेले, वेळ पाळणारे घर हवे. औषधाचा खर्च आम्ही देऊ."

सोबत एका कागदावर इन्सुलिनचे नाव व तीव्रता, सिरिंजचा प्रकार, मात्रा, वेळा, आहार, शेवटच्या तपासणीचे आकडे आणि पशुवैद्यकाचा दूरध्वनी लिहून द्यावा. ज्यांच्या घरी आधीच कोणी इन्सुलिन घेते आणि दुपारी ज्यांच्या घरात भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येतो, अशी घरे आपल्या प्रत्येक गावात दोन-चार तरी असतात. पहिली विचारणा तिथे करावी.